बोलता येईल असं मशीन

मशीन विकणाऱ्या माणसाला मी पहिलाच प्रश्न विचारला, "हे चालू असताना शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येतं का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मुलाकडे पाहिलं. बाईने मशीनबद्दल काही विचारलं की उत्तर तिच्याबरोबर आलेल्या पुरुषाला द्यायचं, असा या लोकांचा रिवाज असावा. "सर, मिनिटाला वीस पाउच," तो मुलाला म्हणाला. मी म्हटलं, "मी मिनिटाचं नाही विचारलं. कानाचं विचारलं."

मुलगा कसनुसा हसला. तो हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, राहतोही तिकडेच. माझ्यासाठी त्याने खास रजा काढली होती आणि आम्ही भोसरीला वजनाने स्क्रू भरायची मशीनं बघायला आलो होतो. मी नीट काहीतरी विचारावं, चारचौघात त्याला खाली बघायला लावू नये, एवढीच त्याची अपेक्षा होती. ती अपेक्षा मी त्याच्या शाळेतल्या पालकसभांपासून मोडत आले आहे.

पण माझा प्रश्न वेडगळ नव्हता. मला दुसरं काही विचारायचंच नव्हतं.

आमचा धंदा तसा कुणाला माहीत नसलेला. नवं कपाट आणलं की त्याबरोबर एक लहानशी प्लॅस्टिकची पिशवी येते, त्यात मोजून स्क्रू असतात, वॉशर असतात, कधी भिंतीत ठोकायचे प्लग असतात. ती पिशवी कुणीतरी भरलेली असते हे कुणाच्या मनातही येत नाही. लोक ती दाताने फोडतात आणि टाकून देतात. ती आम्ही भरायचो. नारायण पेठेत तळमजल्यावर दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत पोती, आतल्या खोलीत चटई आणि पराती. सासऱ्यांनी सुरू केलेलं काम, मग यजमानांनी चालवलं, मग माझ्याकडे आलं.

मी लग्न होऊन आले तेव्हा सगळं हाताने मोजून चालायचं. परातीत स्क्रू ओतायचे, बोटांनी पाचपाच पुढे ओढायचे आणि तोंडातल्या तोंडात आकडा म्हणायचा. यजमान आणि मी समोरासमोर बसायचो. आता मोजणाऱ्या माणसाशी बोलता येत नाही. "संध्याकाळी भाजी कसली करू?" एवढं जरी विचारलं, तरी पस्तिसापर्यंत पोचलेला माणूस पुन्हा पहिल्यापासून सुरू. यजमान रागावायचे नाहीत. नुसते समोरचे स्क्रू परत परातीत ढकलायचे, आणि त्या आवाजात सगळा राग असायचा. मी विचारायचं सोडून दिलं. वर्षानुवर्षं आम्ही दोघं दुपारभर तोंडं हलवत बसायचो आणि एकमेकांशी एक अक्षर बोलायचो नाही. लोकांना वाटायचं, काय गुण्यागोविंदाने राहतात, आतून आवाज म्हणून नाही. अहो, भांडायलासुद्धा बोलावं लागतं.

मग यजमानांनी मोजणारा काटा आणला. त्यावर आधी दहा स्क्रू ठेवायचे आणि बटण दाबायचं, म्हणजे काट्याला एका स्क्रूचं वजन कळतं. पुढे मूठभर टाकले की किती झाले ते तो स्वतःच दाखवतो. पंखा मात्र बंद ठेवावा लागे, कारण वाऱ्याने आकडा नाचायचा. म्हणजे मे महिन्यात घामाघूम होऊन बसायचं. पण मोजणं डोक्यातून गेलं आणि तोंड मोकळं झालं.

पहिले काही दिवस आम्हाला काय बोलावं ते सुचेना. सवयच नव्हती. मग एकदा यजमान म्हणाले, "तू गवारीची भाजी करतेस ना, ती मला कधीच आवडली नाही." मुलगा तेव्हा दहावीत होता. म्हणजे इतकी वर्षं हा माणूस गवार खाली मान घालून खात होता. मी इतकी हसले की काट्यावरची पिशवी पडली. त्यानंतर ते रोज काहीतरी सांगायचे. लहानपणी नदीला पूर आला की पुलावरून बघत कसे उभे राहायचे, वडिलांचं काम पुढे चालवायचं नव्हतं पण तसं म्हणायची हिंमत कशी झाली नाही, मला बघायला आले तेव्हा माझा चेहरा न पाहता हातच कसे पाहिले. "बोटं लांब होती," म्हणाले, "म्हटलं, हिचा हात भराभर चालेल." हे ऐकून चिडावं की लाजावं ते मला कळलं नाही. माझा खरा संसार त्या काट्यापासून सुरू झाला असं मी म्हणते, आणि तो फार वर्षं चालला नाही. यजमान गेले. हिवाळ्यात ताप आला, दवाखान्यात नेलं आणि तिथून ते घरी आले नाहीत.

काम थांबवणं मला शक्य नव्हतं, म्हणून मी तीन बायका मदतीला घेतल्या. त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं.

काकू सगळ्यांत थोरल्या, आमच्याच गल्लीतल्या. नवरा कचेरीत होता, तो गेल्यावर पेन्शन मिळायची. मुली लग्न होऊन लांब गेलेल्या. कडक बाई. हसल्या तरी आधी परवानगी काढून हसल्यासारख्या हसत. दुसऱ्या, हिंजवडीच्या बाई. त्या पूर्वी मंडईत भाजी घेऊन येत आणि काकू त्यांच्याकडून मेथी घेत. मग त्यांचं शेत गेलं, तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, यांच्याकडे पैसा आला, बंगला झाला. तरी बाई एक दिवस मंडईत रिकाम्या हाताने येऊन उभ्या. काकूंनी विचारलं, "भाजी कुठे?" तर म्हणाल्या, "भाजी न्हाई आता. अशीच आले." काकूंनी त्यांना सरळ माझ्याकडे आणलं. दारात गाडी असून ही बाई दोन बस बदलून पेठेत स्क्रू भरायला यायची. मी एकदा विचारलं, घरचे काही म्हणत नाहीत का? "म्हन्त्यात की. म्या म्हन्ते कामाला जाते. बंगला हाय, गाडी हाय, समदं हाय. बोलाया मानूस न्हाई."

तिसरी धाकटी. सदाशिव पेठेत एका खोलीत नवऱ्याबरोबर राहायची. नवरा विद्यार्थ्यांच्या मेसमध्ये आचारी. हिला खरोखर पैशाची गरज होती, आणि आमच्यात बोलायला सगळ्यांत जास्त हीच असायची. मेसमधल्या पोरांच्या गोष्टी, कोण कुणाबरोबर फिरतं, कुणाला पोळ्या मोजून देतात. काकू म्हणायच्या, "तू स्क्रू कमी भरतेस आणि माणसं जास्त." पण धाकटी गप्प बसली की त्याच विचारायच्या, "मग पुढे काय झालं त्या नाशिकच्या मुलीचं?"

रोज अकरा ते सहा. सहाला मी कुलूप लावून घरी जायचे, आणि दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत माझ्याशी बोलणारं कुणी नसायचं. आमच्या सोसायटीत दूधवाला पिशवी दाराला अडकवून जातो. पेपरवाला पेपर फेकून जातो. पूर्वी निदान बेल तरी वाजवत. मुलगा रविवारी फोन करायचा, त्याच्या मागे टीव्ही चालू असायचा. मी एकटी होते आणि मला ते अजिबात आवडत नव्हतं. एकांताचं कौतुक मी पुष्कळ ऐकलं आहे, पण ते करणाऱ्या सगळ्यांच्या घरात माणसं असतात. संध्याकाळी मी मुद्दाम दोन गल्ल्या वळसा घालून किराणा आणायला जायचे, कारण तो दुकानदार गिऱ्हाइकाचा अपमान का होईना, पण करायचा. जवळचा नुसता यंत्रावर कार्ड लावा म्हणायचा.

अशात आमचं मोठं गिऱ्हाईक, एक कपाटं बनवणारी कंपनी, तिथून निरोप आला. एका पिशवीत स्क्रू कमी निघाला होता आणि कुणाच्या तरी कपाटाचं दार लोंबकळलं होतं. आता माल हाताने भरलेला नको, मशीनने वजन करून भरलेला हवा, आणि दुप्पट हवा. नाहीतर दुसरं कुणी बघतो. पत्रातली भाषा फार नम्र होती. नम्र पत्रांची मला जास्त भीती वाटते.

मुलाला आनंदच झाला. "आई, मी कधीपासून सांगतोय, ऑटोमेट कर. तुला बसायचीसुद्धा गरज नाही, बटण दाबायचं आणि घरी जायचं."

घरी जायचं. त्याला वाटलं तो मला सुख देऊ करतोय.

आणि म्हणून आम्ही भोसरीला त्या मशीनसमोर उभे होतो. दिसायला ते मशीन उत्तमच होतं. वर मोठं नरसाळं, त्यात पोतं रिकामं करायचं. खाली थरथरणाऱ्या पत्र्याच्या पन्हळी. त्यांवरून स्क्रू पुढे सरकतात, आधी भराभर आणि वजन भरत आलं की एकेक करून. ठरलेलं वजन झालं की खालची वाटी उघडते, माल पिशवीत पडतो आणि पिशवीचं तोंडही तेच मशीन चिकटवतं. विकणाऱ्याने बटण दाबलं. मग जो आवाज सुरू झाला तो मी आयुष्यात ऐकला नव्हता. लोखंडावर लोखंड. माझ्या दाढा हलल्या.

मी मुलाला खुणेने मशीनच्या पलीकडे जाऊन उभं राहायला सांगितलं. "काहीतरी बोल," मी ओरडले. तो ओरडला, "ऐकू येतंय का?" मी म्हटलं, "ओरडू नकोस. साध्या आवाजात बोल, घरात बोलतोस तसं."

त्याने खांदे उडवले आणि मग बोलला. बराच वेळ बोलला. ओठ हलत होते, एकदा त्याने चष्मा काढून डोळे चोळले, पुन्हा घातला, माझ्याकडे न बघता नरसाळ्याकडे बघत बोलत राहिला. मला एक शब्द ऐकू आला नाही. विकणाऱ्याने मशीन बंद केलं तेव्हा तो थांबला. परतताना गाडीत मी विचारलं, "काय म्हणत होतास रे?"

"काही नाही गं. असंच."

मी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "सिग्नल बघू दे." तो काय बोलला ते मला आजही माहीत नाही, आणि मधूनमधून त्याची फार हुरहुर लागते.

त्यानंतर आम्ही आणखी मशीनं पाहिली. विचारायचं ते सगळं मी विचारलं, तेवढी अक्कल मला आहे. काटा किती बारीक आहे, कारण एका स्क्रूच्या अर्ध्या वजनाइतकीसुद्धा चूक चालत नाही, तेवढ्याने पिशवीत एक कमी किंवा एक जास्त पडतो. वरचा मुलामा जाड-पातळ झाला की स्क्रूचं वजन बदलतं, मग दर पोत्याला मशीनला नव्याने शिकवता येतं का. वाकडे हुक एकमेकांत अडकतात, ते सुटतात का. पण शेवटी मुलाला मी पलीकडे उभं करायचेच. तोही शहाणा झाला होता. आता तो एकच वाक्य म्हणायचा, "आज मंगळवार आहे." ऐकू आलं नाही की मी पर्स उचलायचे.

सिंहगड रोडच्या बाजूला एका शेडमध्ये जे सापडलं ते कुणी घेत नसलेलं मशीन होतं. त्याच्या पन्हळींना आतून जाड रबर लावलेलं. खालच्या वाटीलाही रबर. स्क्रू पडत ते ओल्या मातीत पडावेत तसे. त्याला पिशवी लावायला माणूस लागायचा. वाटीच्या तोंडाशी पिशवी धरायची, पायाने पॅडल दाबायचं की माल पडे. तोंड चिकटवायला दुसरा माणूस. मालक स्वतःच म्हणाला, "मॅडम, खरं सांगू का, हे स्लो आहे. रबरामुळे माल सावकाश सरकतो. सगळे स्पीड विचारतात."

मुलगा पलीकडून म्हणाला, "आज गुरुवार आहे." स्वच्छ ऐकू आलं. खरं तर बुधवार होता, त्याने मला तपासायला मुद्दाम चुकीचा वार सांगितला होता.

"हेच द्या," मी म्हटलं.

गाडीत मुलगा म्हणाला, "आई, तू जगातली पहिली कस्टमर असशील जिने मशीन गप्पा मारता येतात म्हणून घेतलं." मी म्हटलं, "असेन. तुझ्या कंपनीत त्यासाठी कॅन्टीन बांधतात, मी नुसतं रबर लावलं."

मशीन आलं त्या दिवशी धाकटीने त्याला हळदकुंकू लावलं, काकूंनी नारळ फोडला. हिंजवडीच्या बाईंनी पेढे आणले होते. धाकटीने मशीनपुढे फोटो काढून घेतला. मग आम्ही सुरू केलं. धाकटी पिशवी धरायची, मी चिकटवायचे, काकू नरसाळ्यात माल टाकायच्या, हिंजवडीच्या बाई पिशव्या खोक्यात रचायच्या. आणि बोलणं चालू. मला इतकं बरं वाटलं. मी मनात म्हटलं, सगळ्यांनी वेड्यात काढलं, पण जिंकले की नाही?

सोमवारी सुरू केलेलं काम मंगळवारी दुपारी संपलं. आमचा पूर्वीचा आठवडा त्या सावकाश मशीनने दीड दिवसात खाल्ला. कंपनीचा दुप्पट माल धरला तरी आठवड्याचे तीन दिवस मोकळे राहत होते, आणि चालवायलाही दोघी पुरत होत्या. नरसाळं एकदा भरलं की तासभर बघावं लागत नव्हतं. बोलणं ऐकू येईल का, हे मी पुणे पालथं घालून विचारत फिरले होते. बोलायला माणसं किती उरतील, हे मी एकालाही विचारलं नव्हतं.

पण तिघींपैकी एकीलाही मला कमी करायचं नव्हतं. काम पसरायचा प्रयत्न केला. मशीन आणखी सावकाश लावलं, भरलेल्या पिशव्या उगाच पुन्हा मोजायला लावल्या. काकूंनी दोन दिवस ते सहन केलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "बरोबर भरलेलं पुन्हा मोजायला आपण मला बोलावता आणि त्याचे पैसे देता. मी काय सरकारी नोकर आहे का?" एरवी मला "तू" म्हणणाऱ्या काकू त्या दिवशी "आपण" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. काकू नाहीत म्हटल्यावर हिंजवडीच्या बाईंनी निरोप पाठवला की गुडघे दुखतात, बसमध्ये चढवत नाही. धाकटी तेवढी राहिली. पण तीन दिवसांच्या पगारात तिचं भागेना, तिने नवऱ्याच्या मेसमध्ये दुपारच्या पोळ्यांचं काम धरलं. पिशवी मीच धरायला शिकले. पायाने पॅडल, हाताने पिशवी, मग उठून चिकटवायची. जमायचं.

खोलीत इतकी शांतता असायची. मी निवडलेली, पैसे मोजून आणलेली शांतता. रबरावरून स्क्रू सरकल्याचा बारीक आवाज आणि पॅडलची खट. कधीकधी मी मोठ्याने म्हणायचे, "आज मंगळवार आहे." स्वच्छ ऐकू यायचं.

एकदा न राहवून मी तिघींना चहाला बोलावलं. काम नाही, नुसतं या. त्या आल्या. इस्त्रीच्या साड्या नेसून आल्या, धाकटीने तर गजराही माळला होता. मी चटईऐवजी खुर्च्या मांडल्या होत्या, घरून आणलेल्या. चिवडा केला होता. तिघी ओळीने बसल्या आणि हात मांडीवर ठेवले. ते हात इतकी वर्षं मी कधी रिकामे पाहिले नव्हते. काकू म्हणाल्या, "चिवडा छान झालाय." हिंजवडीच्या बाई म्हणाल्या, "व्हय, छान हाय." धाकटी हसली. मग तिघी चिवड्यातले शेंगदाणे वेचत बसल्या. मी मेसमधल्या पोरांचं विचारलं तर ती म्हणाली, "सगळी बरी आहेत." ज्या बाईने मला अख्ख्या सदाशिव पेठेची प्रेमप्रकरणं सांगितली होती, ती म्हणाली, सगळी बरी आहेत. आम्हाला एकमेकींच्या तोंडाकडे बघत बोलायची सवयच नव्हती. आम्ही नेहमी स्क्रूंकडे बघत बोललो होतो. बशा रिकाम्या झाल्या, त्या उठल्या. "येत जा," मी म्हटलं. "हो, तूही ये," काकू म्हणाल्या. त्या गेल्यावर मी चार खुर्च्यांपैकी एकीवर बसून रडले. यजमान गेले तेव्हा घरात माणसं होती, रडायला सोबत होती. त्या दिवशी नव्हती.

त्यानंतर काही आठवड्यांनी माल आला तो घोटाळ्याचा आला. स्क्रूंना मुलामा देतात तिथे दोन वेगळ्या लांबीचे स्क्रू एकाच पिंपात पडले होते. डोकं तेच, जाडी तीच, लांबीत नखभर फरक. पोतीच्या पोती मिसळलेली. मशीनला काय, ते वजन करतं. चार लांब आणि पाच आखूड मिळून त्याचं गणित कसंही बसतं आणि ते खुशाल पिशवी सोडतं. माल परत पाठवला असता तर कंपनीला माल द्यायचा दिवस चुकला असता. हे काम फक्त डोळ्यांनी आणि बोटांनीच होणार होतं. मी तिघींना फोन केला. चहाचं नाव काढलं नाही. म्हटलं, "माल मिसळलाय, निवडायचाय. येता का?"

काकू दहा मिनिटांत दारात. जुनं पातळ, पदर खोचलेला. "खुर्च्या काढ आधी," म्हणाल्या. हिंजवडीच्या बाईंचे गुडघे बसमध्येच बरे झाले असावेत. धाकटी मेसच्या पोळ्या कुणाच्या तरी गळ्यात मारून आली. मी चटई अंथरली, पराती मांडल्या. डावीकडे आखूड, उजवीकडे लांब. सगळ्यांनी माना खाली घातल्या, बोटं चालायला लागली, आणि धाकटी म्हणाली, "काकू, ती नाशिकची मुलगी नाही का, तिने शेवटी त्याच्या भावाशीच जमवलं."

"मला वाटलंच होतं," काकू म्हणाल्या.

त्या दिवसांत आम्ही काय काय बोललो. हिंजवडीच्या बाईंच्या सुनेने स्वयंपाकघरात बोलणारा डबा बसवला होता, त्याला गाणं लाव म्हटलं की लावतो. "म्या त्याला इचारलं, जेवलास का? तर म्हन्तो, समजलं न्हाई." काकूंनी सांगितलं की त्या रोज सकाळी मुलींना फोन लावतात आणि उचलायच्या आत बंद करतात, म्हणजे मुलींना दिसतं की आई जिवंत आहे आणि बोलायचा त्रासही पडत नाही. हे त्यांनी इतक्या कोरडेपणाने सांगितलं की आम्हाला आधी हसू आलं. मीही सांगितलं, मी मशीनला वार सांगते ते. कुणी हसलं नाही. हिंजवडीच्या बाईंनी माझ्या परातीतला एक लांब स्क्रू उचलून बरोबर जागी टाकला, एवढंच.

पण पोती संपत होती. शेवटच्या दुपारी हात मंदावले. धाकटी एकेक स्क्रू उचलून उजेडात धरून बघत होती, खरं तर नुसत्या बोटांना फरक कळत होता. बोलणंही कमी झालं. रिकामी पोती मी घडी करून कोपऱ्यात ठेवली होती. आखूड स्क्रूंची पोती भिंतीशी उभी होती, निवडलेली, मशीनला द्यायला तयार. पाच वाजता शेवटची परात उरकली. माल द्यायच्या दिवसाला अजून आठवडा होता.

"उद्यापासून मग मशीनच," मी म्हटलं. कुणीतरी म्हणायला हवं होतं.

इतक्या वर्षांत काकूंच्या हातून एक चुकीचा स्क्रू पिशवीत गेला नव्हता. धाकटीची चूक सापडली की त्या अख्खी पिशवी तिच्यापुढे ओतायच्या. त्यांच्यासमोर लांब स्क्रूंची परात होती, काठोकाठ भरलेली. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, परात उचलली, भिंतीशी गेल्या आणि आखूड स्क्रूंच्या पोत्यात उपडी केली. मग हात कोपरापर्यंत आत घालून पोतं खालपासून वरपर्यंत ढवळलं, नीट, सावकाश, त्या सगळीच कामं करतात तसं.

"सांडलं," त्या म्हणाल्या.

हिंजवडीच्या बाईंनी पोत्यात डोकावून पाहिलं. "लई सांडलं की ओ काकू. दोन-तीन दिस तरी जातील."

"जाऊ देत. मला कुठे गाडी गाठायचीय," काकू पदराला हात पुसत म्हणाल्या आणि दाराशी चपला शोधायला लागल्या. धाकटीने फोन काढला आणि मेसला कळवलं की उद्याही तिला दुपारचं यायला जमणार नाही.